अर्थ कुठे तुटला?

वसमतहून औंढ्याला येताना एका फाट्यावर वळायचं म्हणून इंडिकेटर लावला आणि डिझेलचा काटा त्याच्या तालावर नाचायला लागला. इंडिकेटर टिक करायचा तसा काटा खाली जायचा, पुन्हा टिक झालं की वर यायचा. आभाळ भरून आलं होतं, म्हणून हेडलाइट लावले, तर शेजारचा टेंपरेचरचा काटाही जागा सोडून लाल रेघेकडे सरकला. इंजिन तर रोजच्याच आवाजात चाललं होतं. टाकीत सकाळीच डिझेल भरलेलं. बॉनेटमधून वाफ नाही, वास नाही. मी हेडलाइट बंद केले, काटा मागे आला. पुन्हा लावले, पुन्हा सरकला.

गाडी अण्णांची. १९९६ साली घेतलेली महिंद्राची कमांडर जीप, नंबर एमएच २२ चा. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि इकडच्या नव्या गाड्यांना एमएच ३८ मिळू लागला, तरी आमच्या जीपवर परभणीच राहिली. अण्णा गेल्यावर ती विकायचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आपोआप मिटला. हळदीची पोती, आजारी माणसं, लग्नाची वऱ्हाडं आणि श्रावणी सोमवारी औंढ्याला जायचा हट्ट धरणारी आजी, सगळ्यांना तिनं वाहिलं होतं. मागच्या वर्षी मी तिला नवा रंग दिला. आतबाहेर सगळा. त्या रंगाचा आणि या नाचणाऱ्या काट्यांचा काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

औंढ्यात शिरल्यावर एका टपरीवजा दुकानापुढं गाडी लावली. आत भिंतीला वायरींची भेंडोळी, एका खोक्यात जळालेले रिले, दुसऱ्यात उघडलेले मीटर, आणि बाकावर सत्तरीकडे झुकलेले एक चाचा. सगळी हकीकत ऐकून घेतली, पण लगेच मीटर उघडायला घेतला नाही. त्यांनी हातभर वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला अडकवलं आणि दुसरं डॅशबोर्डच्या मागं हात घालून मीटरच्या बॉडीला टेकवलं. मला म्हणाले, “ताई, आता लावा इंडिकेटर.” लावला. काटा जागचा हलला नाही. हेडलाइट लावले. टेंपरेचरचा काटा गप्प. वायर काढली की दोघंही पुन्हा नाचायला लागले.

“अर्थ मिळंना गेलाय,” चाचा म्हणाले. “मीटर चांगलाय.”

गाडीच्या विजेच्या कामात हा शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. अर्थ तुटला, अर्थ ढिला आहे, अर्थ लागत नाही, अर्थ दे. शब्द इंग्रजीतून आलेला, पण मराठवाड्यातल्या गॅरेजांत तो इतका मुरला आहे की ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य गाडीबद्दल आहे की कवितेबद्दल, ते कोण बोलतंय यावरून ठरवावं लागतं. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो, कारण जुन्या गाडीचा डॅशबोर्ड दुरुस्त करणं हे खरोखर अर्थ लावण्याचं काम आहे. काटा काहीतरी सांगतो. तो जे सांगतो ते टाकीबद्दल आहे, वायरबद्दल आहे की स्वतःबद्दल, हे आधी ओळखावं लागतं, आणि मगच पाना हातात घ्यावा लागतो.

घरातल्या अर्थिंगची वायर खड्ड्यात, ओल्या जमिनीत जाते. गाडीचा अर्थ जमिनीपर्यंत पोचतच नाही, मधे रबराचे टायर असतात. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट फ्यूज, स्विच, वायर असं करत दिव्यापर्यंत जातो. परत येण्यासाठी मात्र वेगळी वायर नसते. तो गाडीच्या पत्र्यातून, चासीतून मायनसपर्यंत परततो. गाडीचं सगळं लोखंडी अंग म्हणजे परतीची एक भलीमोठी वायर. तांबं वाचतं, जोडणी सोपी होते, म्हणून जगभर हीच पद्धत रुळली. पूर्वीच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तर प्लस बाजूच पत्र्याला जोडलेली असायची. साठच्या दशकात तिकडे हे उलटं झालं आणि मायनस बॉडीला आला. औंढ्याच्या मंदिराची कथा सगळ्या मराठवाड्याला पाठ आहे: नामदेवांना देवळापुढून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, म्हणून इथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला. जुनी प्लस-अर्थची गाडी हाताळताना मिस्त्रीला असंच सगळं फिरवून विचार करावा लागतो. विसरला आणि बॅटरी आजच्या पद्धतीनं जोडली, तर आत बसवलेला नवा रेडिओ त्याच क्षणी जळू शकतो.

परतीची वाट पत्र्याची असल्यामुळे तिचे शत्रूही पत्र्याचेच: गंज, चिखल, ढिला स्क्रू, आणि रंग. चाचांनी डॅशबोर्डच्या खालचा एक स्क्रू काढला, त्याखालचं वायरीच्या टोकाचं थिंबल बाजूला केलं आणि मला बोटानं दाखवलं. थिंबलखाली माझा नवा हिरवा रंग चकचकीत बसला होता. रंगकाम करताना स्क्रू काढले गेले, आत-बाहेर फवारा मारला गेला आणि स्क्रू पुन्हा रंगावरच आवळले गेले. रंग विजेला वाट देत नाही. मीटरमधला करंट परतायला जागा शोधत दुसऱ्याच वायरींतून, दिव्यांच्या फिलामेंटमधून वाट काढत होता. म्हणून इंडिकेटर पेटला की डिझेलचा काटा हलत होता. चाचांनी पॉलिशपेपरनं रुपयाएवढी जागा घासून पत्रा उघडा केला, थिंबल साफ केलं, स्क्रू आवळला आणि वरून बोटभर ग्रीस लावलं, गंज लागू नये म्हणून. पंधरा मिनिटांचं काम. माझ्या मनात तोवर नव्या मीटरचा खर्च उभा राहिला होता.

मला तिथून उठवेना. गाडी झाली होती, पण मी बाकावर बसून राहिले आणि तो दिवस, आणि पुढच्या तीन महिन्यांतले आणखी काही, तिथेच गेले.

जुन्या डिझेल जीपच्या मालकांनी डॅशबोर्डकडे इतकी वर्षं दुर्लक्ष का केलं, याचं उत्तर तिच्या इंजिनातच आहे. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. वीज गेली की इंजिन गेलं. जुन्या यांत्रिक डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबानं हवा तापते, पंप डिझेल फवारतो, ते पेटतं. हीटर मारून सेल्फनं एकदा इंजिन सुरू झालं की पुढं बॅटरी काढून ठेवली तरी ते चालत राहतं. आमची जीप बंद करायलासुद्धा चावी पुरत नसे, स्टॉपची केबल ओढावी लागे. मग काटे मेले काय आणि दिवे विझले काय, गाडी तर चालतेय! काळी-पिवळीच्या कितीतरी चालकांनी अशा मेलेल्या डॅशबोर्डवर वर्षं काढली. डिझेल किती आहे ते काठी घालून पाहायचं, इंजिन तापलं की वासावरून ओळखायचं, वेग कानानं मोजायचा. त्यांचं कसब खरंच मोठं होतं. पण त्याच सवयीनं किती इंजिनं पाणी संपून जाम झाली, हेही प्रत्येक मिस्त्री सांगेल. वासानं कळतं तेव्हा हेड गॅस्केट आधीच गेलेलं असतं.

विझलेला दिवा पाहून माणूस निश्चिंत होतो, आणि तीच सगळ्यात मोठी चूक. ऑइलच्या दिव्याचंच घ्या. इंजिनवर ऑइल प्रेशरचा एक छोटा स्विच असतो. दाब नसला की तो जोडलेला राहतो आणि दिवा पेटतो, दाब आला की तो सुटतो आणि दिवा विझतो. म्हणजे चावी फिरवली, इंजिन अजून सुरू नाही, अशा वेळी तो दिवा पेटलाच पाहिजे. न पेटला तर बल्ब गेला आहे किंवा वायर निघाली आहे, आणि उद्या ऑइल संपलं तरी तो गप्पच राहील. चावी फिरवल्यावर पेटणारे हे दिवे म्हणजे रोज सकाळची हजेरी. हजेरीला कोण गैरहजर आहे, हे पाहायला दोन सेकंद लागतात.

चार्जिंगच्या दिव्याची गोष्ट तर याहून नवलाची. लाल रंगाचा, बॅटरीचं चित्र असलेला तो बल्ब नुसता सूचक नसतो. बऱ्याच जुन्या आल्टरनेटरमध्ये त्याच्यातूनच पहिला करंट आत जातो, तिथं चुंबक जागं होतं आणि मगच आल्टरनेटर वीज तयार करू लागतो. बल्ब जळाला तर ही पहिली फुंकरच मिळत नाही. काही वेळा इंजिन खूप रेस केल्यावर चार्जिंग सुरू होतं, काही वेळा होतच नाही. माणूस बॅटरी बदलतो, मग आल्टरनेटर उघडतो, मग कार्बन ब्रश बदलतो, आणि मूळ दोष असतो दहा-वीस रुपयांच्या बल्बात. आता तर याच्यात नवी भर पडली आहे. डॅशबोर्ड उजळ दिसावा म्हणून पोरं सगळे बल्ब काढून एलईडी बसवतात. एलईडीला करंट अगदी थोडा लागतो, त्यातून चुंबकाला पुरेशी फुंकर जात नाही, आणि छान उजळलेल्या डॅशबोर्डची गाडी आठवड्यानं धक्क्यावर सुरू करावी लागते.

डिझेलचा काटा नेहमी रिकामं दाखवत असेल, तर त्यालाही एक साधी कसोटी आहे. टाकीत फ्लोट असतो, पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखा. तो वर-खाली झाला की त्याला जोडलेला रोध कमी-जास्त होतो आणि काटा हलतो. टाकीवरची वायर सुट्टी करून टेस्ट लॅम्पमधून क्षणभर बॉडीला लावायची. काटा उठला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. दोष फ्लोटमध्ये किंवा टाकीच्या अर्थमध्ये. काटा पडूनच राहिला, तर दोष अलीकडचा. एका वायरनं अर्धी गाडी संशयातून मोकळी होते. आणि डिझेलचा व टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकदमच खोटं बोलायला लागले, तर दोन दोष शोधू नयेत. दोघांत सामाईक काय आहे ते शोधावं. जुन्या अनेक गाड्यांत मीटरच्या मागं बारा व्होल्टचे दहा करणारी एक डबी असते, दोन्ही काट्यांना तीच पोसते. तिचा अर्थ सुटला की तिला व्होल्टेज आवरत नाही आणि दोन्ही काटे चढे दाखवतात. घरात दोन भावांची एकाच दिवशी तब्येत बिघडली, तर आधी स्वयंपाकघरात पाहावं, तसंच हे.

किलोमीटरच्या मीटरवर मात्र माझं वेगळं प्रेम आहे, कारण त्यात वीज मुळी नाहीच. वेग मोजायची ही युक्ती जर्मन संशोधक ओटो शुल्झे यांनी १९०२ साली पेटंट केली, आणि आमच्या जीपमध्ये ती जवळपास तशीच्या तशी बसलेली आहे. गिअरबॉक्समधून निघालेली एक लवचीक केबल मीटरच्या मागं येते आणि एक चुंबक गरगर फिरवते. चुंबकाला न चिकटता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, हे आपण शाळेत शिकतो. पण फिरत्या चुंबकामुळे त्या वाटीत विजेचे भोवरे उठतात, भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी चुंबकामागे खेचली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला अडवते. गाडी जितकी जोरात, तितकी ओढ जास्त. ओढ आणि स्प्रिंग जिथं तोलली जातात, तिथं काटा थांबतो. दोन वस्तूंचा एकमेकींना स्पर्श नाही आणि तरी एक दुसरीला वेग सांगते.

काटा थरथरत असेल तर मीटर नव्हे, केबल कोरडी झालेली असते. आतली तार बाहेर ओढून पुसायची, ग्रीस लावायचं, पण वरची वीतभर जागा कोरडी सोडायची. नाहीतर फिरत्या तारेबरोबर ग्रीस वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि चुंबक-वाटी चिकटते. मग गाडी सुरू झाली की काटा सरळ शेवटाला जाऊन बसतो. मोठे टायर टाकले की हाच मीटर कमी वेग दाखवू लागतो, कारण चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. मीटरच्या त्यात काही चूक नसते. त्याला चाकांच्या फेऱ्या ठाऊक, रस्ता नव्हे.

आमच्या जीपची केबल तुटलेली होती. त्याची गोष्ट पुढं सांगते.

चाचांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बसतो. आधी मोबाइल दुरुस्त करायचा, आता गाड्यांचे मीटर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, बघतो. दोघांच्या मधे दोन हातांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात गाडीच्या विजेची पन्नास वर्षं बसली आहेत. चाचांकडे टेस्ट लॅम्प: एक सुई, एक बल्ब, एक चिमटा. तरुणाकडे मल्टिमीटर, भिंग, सोल्डरगन, हॉट एअर आणि गाडीच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा स्कॅनर. चाचा त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात, आणि तो त्यांना एक. चाचांचं म्हणणं, आधी अर्थ बघ, मग मशीन लाव. त्याचं म्हणणं, चाचा, सेन्सरच्या वायरीला लॅम्प लावू नका.

दोघंही बरोबर आहेत. टेस्ट लॅम्पचा बल्ब पेटायला भरपूर करंट ओढतो. हेडलाइटच्या वायरीला त्याचं काही वाटत नाही, पण ईसीएमच्या आतला नाजूक ट्रान्झिस्टर तेवढ्यानं मरू शकतो. मल्टिमीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून संगणक असलेल्या गाडीत तोच वापरायचा. आणि चाचांचा अर्थ मल्टिमीटरनं मोजताही येतो. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावायचं आणि सेल्फ मारायचा. दोन्ही एकच असतील तर आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर अर्थची पट्टी खराब आहे, मग ती वरून कितीही जाड आणि चकचकीत दिसो. नुसता ओहम मोजून हे कळत नाही. शंभर तारांपैकी दोन तारा शिल्लक असल्या तरी ओहमचा आकडा सुरेख येतो. भार पडल्यावरच खरं काय ते दिसतं.

भारतात पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी संगणकानं चालणारी इंजेक्शन पद्धत २००० च्या आसपास सर्रास आली. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० नेही पुढं तोच रस्ता धरला. दोष स्वतः ओळखून दिवा लावायची पद्धत एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्यानं बंधनकारक झाली. म्हणजे त्या पिढीच्या गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत. पंधरा वर्षांची मुदत संपून फेरनोंदणीला येणाऱ्या गाडीत आज बहुधा संगणक असतो. तिच्या डॅशबोर्डचे आजार वेगळे. मागच्या बाजूला पातळ प्लास्टिकवर छापलेल्या तांब्याच्या रेषा असतात, त्या कनेक्टरपाशी तडकतात. पडद्याचे आकडे अर्धवट दिसायला लागतात, कारण काच आणि सर्किट जोडणारी वीज-वाहक रबराची पट्टी मळलेली असते; ती काढून स्पिरिटनं पुसली की पुष्कळदा आकडे परत येतात. पण सगळ्यात जास्त दिसणारा आजार म्हणजे ड्राय सोल्डर.

मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेववत नाही इतका तापतो. सत्तर अंशांपर्यंतही जातो. रात्री निवतो. रोज तापून निवून सर्किटवरचे शिशाचे टाके थकतात, कारण तांबं, शिसं आणि पाटी ही प्रत्येकी वेगवेगळी फुगतात. शेवटी पिनेभोवती केसाहून बारीक गोल चीर पडते. गाडी थंड असताना टाका टेकलेला असतो, मीटर चालतो. दुपारी तापला की चीर उघडते, मीटर मरतो. मालक सांगतो, “सकाळी चालतंय, दुपारी बंद पडायलंय,” आणि शोरूमवाल्याला सकाळी दाखवायला नेलं की काहीच दिसत नाही. तरुण मिस्त्री असा मीटर भिंगाखाली धरतो, चीर सापडली की तिथं थोडा फ्लक्स लावून टाका पुन्हा वितळवतो. नवा मीटर घ्यायचा तर काही हजार, आणि जुन्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. कोइमतूरच्या प्रिकॉलसारख्या कंपन्यांनी सत्तरच्या दशकापासून देशातल्या गाड्यांना मीटर पुरवले. पण मॉडेल बंद झालं की काही वर्षांनी सुटे भागही आटतात. मग नांदेड-परभणीच्या भंगारातून दाता मीटर शोधायचा, नाहीतर मुंबईच्या कुर्ल्याला फोन करायचा.

दाता मीटर बसवला की एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि मला तो टाळायचा नाही. नव्या गाड्यांत किलोमीटरचा आकडा दातेरी चक्रांवर नसतो, आठ पायांच्या एका चिमुकल्या चिपमध्ये साठवलेला असतो. भंगारातल्या मीटरमध्ये दुसऱ्याच गाडीचा आकडा असतो. तो बदलून आपल्या गाडीचा खरा आकडा घालणं रास्त आहे. त्याच यंत्रानं, त्याच दोन मिनिटांत दीड लाखाचे साठ हजार करणंही तितकंच सोपं आहे. सेकंडहँड गाडीच्या बाजारात हे सर्रास चालतं. मला हे केवळ पैशांची फसवणूक म्हणून सलत नाही. टायमिंग बेल्ट, ब्रेकची होज, स्टिअरिंगचे सांधे हे सगळं किलोमीटरवर बदलायचं असतं. आकडा मागं नेला की नव्या मालकाला गाडीचं वय कळत नाही, आणि घाटात ब्रेक गेल्यावर ते त्याला कुणी सांगू शकत नाही. औंढ्याच्या त्या बाकावर असा माणूस आला की तरुण मान हलवून नकार देतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याला त्या कामाचे दुप्पट पैसे मिळाले असते.

दुसरा माझा राग फ्यूजच्या जागी घातलेल्या तांब्याच्या तारेवर आहे. फ्यूज जळतो तो वायर वाचावी म्हणून. तो वारंवार जळतो म्हणजे कुठंतरी वायर घासून पत्र्याला टेकतेय, किंवा उंदरानं कुरतडलीय. हिवाळ्यात सोयाबीन-हरभऱ्याच्या खळ्याजवळ उभी राहिलेली गाडी उंदरांना फार आवडते. तिथं तार घातली की फ्यूज जळणं थांबतं आणि वायरिंग जळायला लागतं. डबल हॉर्न, मोठे दिवे, म्युझिक सिस्टीम हे सगळं जुन्या गाडीत हेडलाइटच्या वायरीला सोलून जोडलेलं असतं, वर नुसती टेप. रिले टाकून, बॅटरीपासून वेगळी वायर आणि वेगळा फ्यूज घेऊन हे काम करायला तासभर जास्त लागतो. तेवढा तास ज्यांनी दिला नाही, त्यांच्या जळालेल्या जिपा रस्त्याकडेला आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

काट्याचं खरं-खोटं ओळखायचं हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आता याच औंढा तालुक्यात उभी राहते आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ते जगाला कळलं, आणि सहाच दिवसांनी भारतातल्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन हजार सहाशे कोटींचा खर्च मंजूर झाला, ११ मे ला पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, आणि लेसरच्या साहाय्यानं प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक मोजायचा. जमिनीची बारीकशी थरथर, दूरवरची वाहतूक, वाऱ्यानं हलणारं झाड, यंत्राच्या स्वतःच्या वायरींतला गोंगाट: हे सगळं ओळखून बाजूला काढल्यावर जे उरेल, ती लहर.

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. पण चाचांच्या बाकावर बसल्यापासून ही गोष्ट मला आधीपेक्षा जवळची वाटते. काटा हलला म्हणजे टाकीत काही झालं असं नाही, हे तिथल्या शास्त्रज्ञांनाही रोज म्हणावं लागत असणार. तालुक्यात इतकं मोठं मोजमाप येतंय, त्याला तंत्रज्ञ लागतील, वायर टाकणारे, टाका तपासणारे, अर्थ मोजणारे हात लागतील. ते हात औंढ्याच्या, वसमतच्या, जिंतूरच्या पोरांचे असावेत असं मला मनापासून वाटतं. आणि त्यासाठी आयटीआयच्या वर्गात फळ्यावरच्या सर्किटबरोबर एक जुनी, नाचऱ्या काट्यांची जीपही उभी असावी. दोष शोधायची सवय कोऱ्या यंत्रावर लागत नाही.

जुन्या गाड्या ठेवणं दिवसेंदिवस महाग होतंय. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं मोटारीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेलं. धूर ओकणाऱ्या, ब्रेक नसलेल्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, त्यावर माझं दुमत नाही. पण पत्रा धड, इंजिन धड आणि केवळ मीटर मेला म्हणून भंगारात निघालेली गाडी पाहिली की जीव तुटतो. ती जुनी झालेली नसते, तिला वाचणारा माणूस मिळालेला नसतो.

आता आमच्या किलोमीटरच्या मीटरचं. केबल बदलायचं ठरलं तेव्हा चाचांनी विचारलं, मीटर कधीपासून बंद आहे? मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन अण्णांच्या डायऱ्या काढल्या. हळदीचा भाव, मजुरी, पाऊस, आणि कोपऱ्यात रोजचा किलोमीटरचा आकडा. आमच्या मीटरला दशांशाचं सोडून पाचच चक्रं. ९९,९९९ नंतर तो शून्यावर येतो. तो दिवसही डायरीत सापडला, शेजारी अण्णांनी फक्त “जीप पुन्हा नवी झाली” एवढं लिहिलेलं. त्याच्या पुढं काही वर्षांनी ४३,६१२ या आकड्यावर केबल तुटली. तुटल्यावरही नोंद थांबली नव्हती. औंढा, हिंगोली, नांदेड अशी गावं आणि पुढं मैलाच्या दगडांवरून केलेल्या बेरजा, अण्णांच्या हातानं, ते गाडी चालवायचे त्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. शेवटची बेरीज मीटरच्या आकड्याहून पस्तीस हजारांवर पुढं होती.

तरुणानं विचारलं, “ताई, चक्रं फिरवून बेरजेवर आणून देऊ का? खरा आकडा होईल.” चाचा काही बोलले नाहीत. मी म्हणाले, नको, आहे तिथून चालू द्या. पुढचं डायरीत आहे.

केबल बसली. वरची वीतभर कोरडी. मी औंढ्यातून हिंगोलीच्या रस्त्याला लागले, तिसऱ्यात टाकली, आणि काटा न थरथरता तीसवर उभा राहिला. खाली दशांशाचं पांढरं चक्र सरकायला लागलं. सहा, सात, आठ. नऊच्या पुढं जाताना शेजारचं चक्र क्षणभर अडल्यासारखं झालं, मग त्याच्याबरोबर हळूच वळलं आणि दोनच्या जागी तीन आला. मी गाडी कडेला घेतली, डॅशबोर्डच्या कप्प्यातून डायरी काढली आणि अण्णांच्या शेवटच्या बेरजेखाली तारीख घालून लिहिलं: ४३,६१३.